लांबच्या विमानप्रवासाला खरे किती तास लागतात? बुकिंग करण्याआधी एवढं वाचाच

"अंतर साडेपाच हजार किमी, विमान जातं ताशी ९०० ने, म्हणजे सहा तास झाले, मग तिकिटावर निघायच्या आणि पोचायच्या वेळेत बारा तासांचा फरक कसा काय?" असं आम्हाला सारखं कोणी ना कोणी विचारतं, आणि प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून एकदा नीट लिहूनच देतोय.

न्यूयॉर्क ते लंडन घ्या, साधारण ५,५४० किमी. रात्री ९ ला निघालात की सकाळी ९ च्या आसपास उतरता. पण तिकिटावर दोन्ही टायमिंग त्या त्या शहराच्या लोकल वेळेत असतात आणि लंडनचं घड्याळ बहुतेक वर्षभर ५ तास पुढे असतं, म्हणजे प्रवास झाला ७ तासांचा. आता हिशोबाने येतात सहा आणि लागतात सात, तर वरचा तास गेटपासून गेटपर्यंत मोजण्यात जातो: गेट सोडणं, रनवेच्या रांगेत थांबणं, वर चढताना आणि खाली येताना कमी असलेला स्पीड, सगळं त्यात आलं.

परतीला हेच अंतर, तरी ८ तास धरा. वर साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना तो पाठीशी असतो आणि येताना समोरून. फेब्रुवारी २०२० मध्ये हा वारा इतका जोरात होता की एक विमान न्यूयॉर्कहून ५ तासांच्या आत लंडनला पोचलं! त्यामुळे जायचे तास दुप्पट करून परतीचा प्लॅन करू नका.

अंतर मात्र सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका हं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर टोकियो आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा, तो पॅसिफिकच्या मधून न जाता वर अलास्काकडे सरकतो, सगळ्यात जवळचा रस्ता तोच. अर्थात विमानाला दरवेळी तो मिळतोच असं नाही. २०२२ पासून रशियाची हद्द बऱ्याच कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे हेलसिंकी ते टोकियो आधी साडेनऊ तासांत व्हायचं ते आता तेराच्या घरात गेलंय, विमानतळ आहेत तिथेच आहेत, फक्त वळसा वाढला.

तारखेकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. ऑकलंडहून संध्याकाळी निघून बारा तास उडालात तरी लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी उतरता, कारण मधे डेटलाइन, म्हणजे पॅसिफिकमधली तारीख बदलणारी काल्पनिक रेषा, ओलांडली जाते. परत येताना उलट, एक तारीख गायबच होते, आणि हॉटेल बुकिंग नेमकं इथेच चुकतं.

अजून एक, 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' एक नाही. डायरेक्टमध्ये फ्लाइट नंबर तोच राहतो पण विमान मधे उतरू शकतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० किमीच्या वर, नॉनस्टॉप साडेअठरा तासांच्या आसपास जातं, तेच मधे थांबलं की किती तास वाढतील ते थांब्यावर अवलंबून. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर बुकिंग करतानाच आम्हाला सांगा, म्हणजे एकूण तास, थांबे आणि पोचायची लोकल तारीख तिन्ही लिहून देतो.