वीराचा टाक (नाशिक)

लढाईत किंवा चकमकीत मारल्या गेलेल्या पूर्वजाची, धातूच्या पत्र्यावर उठवलेली आणि देव्हाऱ्यात पूजली जाणारी प्रतिमा. टाक महाराष्ट्रभर आढळतात. नाशकातले वीर मात्र वर्षातून एकदा देव्हारा सोडून रस्त्यावर येतात, आणि म्हणूनच त्यांची वेगळी नोंद करायला हवी.

टाक तळहातात मावेल एवढा असतो. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून आकृती उठवतात आणि पाठीला तांब्याचा पत्रा देतात. आकृती बहुधा घोडेस्वाराची असते, हाती शस्त्र. खंडोबाचा टाकही घोड्यावरचाच, पण त्यात बऱ्याचदा सोबत म्हाळसा असते. वीर एकटा असतो. पिढ्यान् पिढ्या हात लागून, घासूनपुसून चेहरा सपाट होतो. पुष्कळ घरांत वीराचे नावही उरलेले नसते, तरी ‘आमचा वीर’ म्हणून त्याला नैवेद्य चुकत नाही.

त्याचा दगडी भाऊबंद म्हणजे वीरगळ. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला पडलेला वीर किंवा चाललेली लढाई, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच माणूस, आणि माथ्याशी चंद्रसूर्य. खाली गुरे कोरली असतील, तर तो गोधन राखताना पडला असे समजायचे. वीरगळ मरण कसे आले ते सांगतो. टाक त्याबद्दल काहीच सांगत नाही. मेलेला माणूस कुळाचा राखणदार झाला, एवढेच तो धरून ठेवतो. वीरगळ गावाचा, टाक घराचा. आणि घराची आठवण जास्त हाताळली जाते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

नाशकात रंग खेळायचा तो रंगपंचमीला, पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे जमिनीत बांधलेल्या रंगाच्या हौदांत. धुळवड वीरांची. त्या दिवशी टाक लाल कापडात नारळाबरोबर बांधून घेतात, लहान मुलांना वीराचा किंवा देवाचा वेश चढवतात आणि वाजतगाजत होळीभोवती नाचवत गोदावरीवर नेतात. रामकुंडावर वीराला स्नान घातले जाते.

या मिरवणुकांत मानाचा तो दाजीबा, म्हणजेच बाशिंगे वीर. आख्यायिकेप्रमाणे दाजीबा दिंडोरी तालुक्यातील जानोरीचा, खंडोबाचा भक्त. अंगाला लग्नाची हळद लागलेली असतानाच तो मारला गेला. म्हणून त्याचा मान घेणारा माणूस डोक्याला बाशिंग बांधून निघतो. जुन्या नाशकात दारोदारी त्याला ओवाळतात. लग्न जुळावे म्हणून त्याला नवस बोलतात. नवरदेव न होताच गेलेल्या माणसाकडे इतरांच्या लग्नाचे मागणे मागावे, ही या प्रथेतली सर्वांत हळवी गोष्ट आहे.

घरात लग्नकार्य निघाले की टाक सोनाराकडून उजळून आणतात. भाऊ वेगळे झाले तर नव्या चुलीसाठी नवा टाक घडवतात. फारच झिजलेला टाक नदीत सोडतात आणि त्याच वीराचा दुसरा बसवतात.