माती परीक्षण : प्रयोगशाळेतील रासायनिक व भौतिक पद्धती

शेतातील मातीचा नमुना ठरावीक रीतीने तयार करून तिचा सामू (आम्ल-विम्लता, पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, पिकाला उपलब्ध होणारी अन्नद्रव्ये, पोत (वाळू, गाळ व चिकणमातीचे प्रमाण) आणि घनता मोजणे म्हणजे माती परीक्षण. जमिनीत एकूण किती नत्र (नायट्रोजन) किंवा स्फुरद (फॉस्फरस) आहे, हे या परीक्षणात शोधत नाहीत. ठरावीक द्रावण ठरावीक वेळ मातीत मिसळल्यावर जेवढे अन्नद्रव्य सुटून येते, तेवढेच मोजतात. पीक मुळांवाटे जे उचलते त्याच्याशी या आकड्याचा मेळ बसतो, हे शेतावरील प्रयोगांनी ठरवलेले असते. त्यामुळे द्रावण बदलले की आकडा बदलतो, आणि पद्धतीचे नाव व एकक नसलेल्या अहवालावरून खताची मात्रा काढता येत नाही.

भारतात मृद चाचणी प्रयोगशाळांचे जाळे १९५५-५६ पासून उभे राहू लागले. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन असे १२ घटक तपासले जातात. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींसाठी या यादीत मुक्त चुना आणि पोत हवेच, कारण बाकीच्या आकड्यांचा अर्थ या दोहोंवर ठरतो.

नमुना

पुढची सगळी चाचणी अर्धा किलो मातीवर होते आणि प्रत्यक्ष वजन करून घेतात ती १ ते २० ग्रॅम. नमुना चुकला तर कोणतेही उपकरण तो सुधारू शकत नाही. हंगामी पिकासाठी व्ही आकाराचा सुमारे २० सेंमी खोल खड्डा करून त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडतात. अशा दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करून ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा आणि पाण्याचे पाट वगळावेत. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला तर पालाश किंवा स्फुरद हमखास जास्त येतो. जस्त आणि लोह तपासायचे असल्यास गंजलेले खुरपे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरू नये.

माती सावलीत वाळवतात. भट्टीत वाळवली तर पालाशचे आकडे बदलतात आणि हा बदल काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या खनिजांमुळे ठळक असतो. लाकडी खलबत्त्यात हलके कुटून २ मिमी चाळणीतून गाळतात, सेंद्रिय कर्बासाठी मात्र ०.५ मिमीची चाळणी लागते. चाळणीवर राहिलेल्या खड्यांचे वजन लिहून ठेवणे बहुतेक ठिकाणी राहून जाते. मुरमाड जमिनीत वजनाने ४०% खडे निघाले, तर अहवालातला आकडा उरलेल्या ६०% मातीचाच असतो.

सामू आणि विद्युत वाहकता

२० ग्रॅम मातीत ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी घालून अर्धा तास अधूनमधून ढवळतात. सामूमापक ७.० आणि ९.२ या बफर द्रावणांवर जुळवून घेतात, कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनींसाठी ७.० आणि ४.० वर. वाचन ढवळलेल्या मिश्रणातच घ्यावे. तळाला बसलेल्या गाळात आणि वरच्या नितळ पाण्यात सामू वेगवेगळा दिसतो. नुसत्या चुनखडीमुळे सामू साधारण ८.४ पर्यंत जातो. तो ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण (सोडियमने बिघडलेली) होत असल्याचा संशय घेऊन मातीच्या कणांना चिकटलेला विनिमययोग्य सोडियम तपासावा, १५% च्या वर तो आला की जमीन चोपण ठरते.

तेच मिश्रण स्थिर ठेवून वरच्या नितळ द्रावणात विद्युत वाहकता मोजतात. उपकरण ०.०१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) पोटॅशियम क्लोराइडवर जुळवतात, २५° से. तापमानाला त्याची वाहकता १.४१ डेसिसायमन प्रति मीटर असते. या पातळ मिश्रणात १ पेक्षा कमी आकडा सर्वसाधारण मानतात. खारवट जमिनीची ४ ही प्रसिद्ध मर्यादा मात्र संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या अर्काची आहे. पातळ मिश्रणातल्या १.८ ला ती लावून जमीन चांगली ठरवणे ही नेहमी होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

सेंद्रिय कर्ब

वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ मध्ये दिलेली पद्धत आजही सर्वत्र चालते. शंकूपात्रात १ ग्रॅम माती, तीवर १० मिली १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट आणि २० मिली संहत गंधकाम्ल घालून हलवतात व अर्धा तास ठेवतात. आम्ल मिसळताना निघणारी उष्णता हीच या पद्धतीची भट्टी. म्हणून आम्ल थेंबथेंब न घालता लवकर ओतायचे, आणि पात्र थंड फरशीवर न ठेवता लाकडावर ठेवायचे. नंतर २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक आम्ल आणि १ मिली डायफेनिलअमाइन घालून ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करतात, म्हणजे रंग बदलेपर्यंत ते मोजून घालतात. जांभळा-निळा रंग एका थेंबात हिरवा होतो.

मातीविना केलेल्या कोऱ्या चाचणीला २० मिली लागायला हवेत. फेरस द्रावण हवेत हळूहळू निकामी होते, त्यामुळे हा आकडा २०.४, २०.८ असा चढत जातो. कोरी चाचणी रोज करावी आणि १० ला तिच्या मिलीने भागून त्या दिवसाची खरी तीव्रता काढावी. आम्ल घातल्यावर लगेच मिश्रण हिरवे पडले, तर डायक्रोमेट संपले असे समजून ०.५ ग्रॅम किंवा त्याहून कमी माती घेऊन पुन्हा करावे. सह्याद्रीतल्या जंगलाखालच्या मातीत हे वारंवार होते. खारवट मातीतले क्लोराइडही डायक्रोमेट खाते आणि कर्ब फसवा वाढतो, तो टाळण्यासाठी आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात.

कोऱ्या चाचणीला २० मिली आणि मातीला १७ मिली लागले असे समजू. फरक ३ मिली, द्रावणाची तीव्रता ०.५ आणि कर्बाचा ठरलेला गुणक ०.००३ : ३ × ०.५ × ०.००३ × १०० = ०.४५%. या पद्धतीत कर्बाचा सरासरी ७७% भागच जळतो, म्हणून काही प्रयोगशाळा १.३ ने गुणतात आणि उत्तर ०.५९% येते. देशपातळीवरच्या ०.५ ते ०.७५% या मध्यम वर्गवारीत पहिला आकडा कमी ठरतो आणि दुसरा मध्यम. माती एकच, अनुमापन एकच, तरी शेतकऱ्याच्या हातात दोन वेगळ्या शिफारशी पडतात. १.३ चा गुणक लावला की नाही, हे अहवालावर लिहिलेलेच असावे. उरलेले क्रोमियम मोरीत ओतू नये. ते फेरसने पूर्ण क्षपित करून चुन्याने साक्यात बसवावे.

नत्र, स्फुरद, पालाश

उपलब्ध नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ ची पद्धत वापरतात. २० ग्रॅम माती ०.३२% पोटॅशियम परमँगनेट आणि २.५% सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी १०० मिली घालून ऊर्ध्वपातित करतात. निघणारा अमोनिया बोरिक आम्लात धरून ०.०२ नॉर्मल गंधकाम्लाने मोजतात. कोऱ्या चाचणीचे वाचन वजा केल्यावर प्रत्येक मिलीमागे हेक्टरी ३१.३६ किलो नत्र येते. फेस वर चढू नये म्हणून द्रव पॅराफिन आणि उसळी थांबवायला काचेचे मणी टाकतात. नायट्रेट रूपातला नत्र या पद्धतीत मोजला जात नाही, त्यामुळे नुकत्याच युरिया दिलेल्या शेताचा अंदाज यावरून बांधू नये.

स्फुरदाच्या बाबतीत जमीन ओळखूनच द्रावण निवडावे लागते. काळ्या चुनखडी जमिनींना ओल्सन यांचे १९५४ चे ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५. आम्लधर्मी जांभ्या जमिनींना ब्रे यांचे अमोनियम फ्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल. चुनखडी मातीवर ब्रे द्रावण वापरले तर चुना त्यातले आम्ल मारतो, फ्लोराइड कॅल्शियमशी बांधले जाते आणि स्फुरद खोटा कमी येतो. ओल्सन पद्धतीत २.५ ग्रॅम माती ५० मिली द्रावणात ३० मिनिटे हलवून गाळतात आणि मॉलिब्डेट व ॲस्कॉर्बिक आम्लाने आलेला निळा रंग ८८२ नॅनोमीटरवर मोजतात. सेंद्रिय रंग काढायला घातलेल्या कोळशातच स्फुरद असू शकतो. कोरी चाचणी निळी पडली तर आधी कोळसा बायकार्बोनेटने धुऊन घ्यावा. काचसामान फॉस्फेटयुक्त साबणाने कधीच धुऊ नये. उघडे ठेवलेले बायकार्बोनेट द्रावण हवेत मुरून त्याचा सामू चढतो, म्हणून ते ताजे करावे. खोलीचे तापमान वाढले की स्फुरदही जास्त सुटतो, त्यामुळे मे महिन्यातल्या पंख्याखालच्या खोलीतले आणि डिसेंबरातले आकडे सारखे धरता येत नाहीत.

पालाशची चाचणी सोपी आहे : ५ ग्रॅम माती, २५ मिली उदासीन १ नॉर्मल अमोनियम ॲसिटेट, पाच मिनिटे हलवणे, गाळणे आणि ज्योत प्रकाशमापक.

जस्त, लोह, मंगल आणि तांबे यांसाठी लिंडसे व नॉर्वेल यांचे सामू ७.३ चे डीटीपीए (धातूंना धरून ठेवणारे रसायन) द्रावण वापरतात : १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, दोन तास हलवणे. दशलक्ष भागांत जस्त ०.६, लोह ४.५, मंगल २.० आणि तांबे ०.२ या खाली कमतरता धरतात.

भौतिक तपासण्या

पोतासाठी ५० ग्रॅम माती सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या ५% द्रावणात रात्रभर भिजवून यंत्राने ढवळतात, १ लिटरच्या नळकांड्यात भरून हलवतात आणि ४० सेकंदांनी व २ तासांनी हायड्रोमीटर (द्रवाची घनता दाखवणारे तरंगते उपकरण) वाचतात. जाड कण आधी बसतात, या तत्त्वावर पहिले वाचन गाळ आणि चिकणमाती मिळून देते, दुसरे बहुतांशी चिकणमाती. तापमान २०° से. च्या वर असेल तर प्रत्येक अंशामागे ०.३६ मिळवतात. २ तासांत ०.००२ मिमीपेक्षा मोठा बारीक गाळही तरंगत असतो, म्हणून या पद्धतीत चिकणमाती थोडी जास्त दिसते. नेमकेपणा हवा असल्यास पिपेट पद्धत घ्यावी. काही मिनिटांतच वर स्वच्छ पाण्याचा थर दिसू लागला, तर कण क्षारांमुळे गुठळत आहेत. माती धुऊन पुन्हा सुरुवात करावी.

स्थूल घनतेसाठी धातूची कडी जमिनीत ठोकून न हललेली माती काढतात आणि १०५° से. वर २४ तास वाळवतात. ५ सेंमी व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कडीचे घनफळ ९८ घसेंमी. वाळलेली माती १२७.६ ग्रॅम भरली तर घनता १.३०. काळी माती वाळताना आकसते, म्हणून कडी वाफशावर असतानाच घ्यावी. भेगाळलेल्या रानात ढेकूळ मेणात बुडवून पाण्यात तोलण्याची रीत बरी.

हा आकडा रासायनिक अहवालाशी थेट जोडलेला आहे. दशलक्ष भागांतला आकडा हेक्टरी किलोत नेताना २.२४ ने गुणतात, कारण हेक्टरभर नांगरथराचे वजन २२.४ लाख किलो धरलेले असते. २० सेंमी खोली आणि १.३ घनता असेल तर ते २६ लाख किलो होते. शिवाय स्फुरद मूलद्रव्याच्या रूपात दिला आहे की ऑक्साइडच्या, हे पाहावे. पहिल्याला २.२९ ने गुणले की दुसरा मिळतो, पालाशसाठी हाच गुणक १.२ आहे.