मृदा जीवाणू आणि पीकपोषण

मातीत असलेली, पण पिकाला घेता न येणारी अन्नद्रव्ये मुळांना शोषता येतील अशा रूपात आणण्याचे बरेचसे काम मातीतील जीवाणू करतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र (नायट्रोजन) असूनही पीक ते सरळ घेऊ शकत नाही, कारण नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि हा बंध तोडून अमोनिया तयार करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) वनस्पतींकडे नसते. ते काही सूक्ष्मजीवांकडेच असते.

कोल्हापूर भागात याचे सहज दिसणारे उदाहरण म्हणजे खरिपातील सोयाबीन व भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप मुळांसकट हलकेच खणून काढावे व एखादी गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी-लालसर निघाली, तर नत्र स्थिर होत आहे, म्हणजे हवेतल्या नत्राचा अमोनिया बनत आहे. हिरवट निघाली, तर तिचे काम संपले आहे. गुलाबी-लालसर रंग गाठीतील लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. जीवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, पण त्याच ऑक्सिजनने नायट्रोजिनेज निकामी होते. ही अडचण लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन बांधून ठेवून व बेताने पुरवून सोडवते. गाठींचे हे कार्य हेल्रिगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये मांडले आणि १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी त्यांतील जीवाणू वेगळे केले. पीक जीवाणूला साखर पुरवते, जीवाणू पिकाला नत्र देतो. मात्र भुईमुगाच्या गाठींतले जीवाणू सोयाबीनला चालतीलच असे नाही, म्हणून पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जीवाणूंचे (बीजप्रक्रियेचे) पाकीट पीक पाहूनच घ्यावे लागते. जीवाणू बियाण्याला चिकटावेत म्हणून गुळाचे पाणी वापरतात, ही गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. प्रक्रिया केलेले बियाणे सावलीतच सुकवावे लागते.

उसाच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. उसाच्या पेशीजालात राहून नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर हा जीवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमधील उसातून नोंदवला गेला. काटेकोर अर्थाने तो मातीतला नव्हे, उसातलाच रहिवासी आहे. तरीही लागणीच्या वेळी बेणे (लावायचे उसाचे तुकडे) त्याच्या द्रावणात बुडवतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी आणि जीवाणूंची नंतर, हा क्रम उलटला तर सारे मुसळ केरात.

स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट वेगळी आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील राधानगरी, शाहूवाडी भागांतल्या जांभ्या जमिनीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधले जाते, तर शिरोळकडील काळ्या जमिनीत ते कॅल्शियमशी. बॅसिलस, स्यूडोमोनास यांसारखे जीवाणू ग्लुकोनिक व इतर सेंद्रिय आम्ले सोडून हे स्फुरद मोकळे करतात. कॅल्शियमशी बांधलेले त्यांना तुलनेने लवकर सुटते.

जीवाणूंचे काम पिकाच्या फायद्याचेच होते असे मात्र नाही. मोकळ्या, वाफसा (ओल व हवा बेताची) असलेल्या जमिनीत नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट व नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रेट करतो. उसाला पाटाने भरमसाट पाणी देऊन जमीन सतत चिबड (पाण्याने भरलेली) ठेवली, तर ऑक्सिजनअभावी दुसरेच जीवाणू त्या नायट्रेटचा वायू करून तो हवेत सोडतात आणि खताचा पैसाही त्याबरोबर जातो. पाचट (उसाची वाळलेली पाने) न जाळता सरीत कुजवणे हिताचे आहे, पण पाचटात कर्ब (कार्बन) फार आणि नत्र थोडे असते. ते कुजवणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र आधी उचलतात, त्यामुळे खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणारा ऊस) काही काळ पिवळा पडू शकतो. पाचटावर थोडा युरिया टाकतात तो याचसाठी.