चार घरांत एक छत्री : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

आपल्याकडे दिसणारे डीटीएचचे उपग्रह महाराष्ट्रातून दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यात येतात. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीडी फ्री डिश ९३.५ ला, एअरटेल १०८.२ ला. ज्यांची बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला उघडते, त्यांनी खिडकीच्या ग्रिलला छत्री कितीही ठोकली तरी सिग्नल मिळत नाही. मग गच्ची हाच पर्याय उरतो. तिथे प्रत्येकाची वेगळी छत्री आणि वेगळी वायर आली की सोसायटीचं डोकं फिरतं. म्हणून शेजाऱ्यांनी मिळून एकच छत्री लावायची ही कल्पना चांगली आहे, फक्त काय वाटून घ्यायचं आणि काय नाही हे आधी ठरलं पाहिजे.

छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) आणि गच्चीवरचा स्टँड सामायिक चालतो. सेट टॉप बॉक्स, कनेक्शनवरचं नाव आणि रिचार्ज मात्र घरोघरी वेगळं हवं. बहुतेक भांडणं ही सीमा ओलांडली की सुरू होतात.

कोण पात्र?

पहिली अट अशी की सगळे एकाच कंपनीचे ग्राहक हवेत. वर दिलेल्या अंशांवरूनच कळेल की टाटा प्लेकडे तोंड केलेली छत्री एअरटेलवाल्याच्या कामाची नाही. दुसरी अट, प्रत्येक घराचं कनेक्शन त्या घरातल्या माणसाच्या नावावर हवं.

इथे एक पळवाट फार वापरली जाते. एकाने मल्टी टीव्ही कनेक्शन घ्यायचं आणि जादाचे बॉक्स शेजाऱ्यांकडे लावायचे. मल्टी टीव्हीची सवलत एकाच घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या टीव्हीसाठी असते. बॉक्स दुसऱ्या पत्त्यावर गेला की कंपनीच्या अटींचा भंग होतो, आणि मूळ ग्राहक रिचार्ज विसरला की शेजाऱ्यांचीही मालिका ऐन रंगात बंद पडते. एका बॉक्समधून निघालेलं चित्र वायरने चार घरांत देऊन पैसे घेणं तर त्याहून गंभीर. ते केबल सेवेत मोडतं, आणि केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, १९९५ नुसार नोंदणीशिवाय अशी सेवा देता येत नाही. ही नोंदणी १७ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइन होते, शुल्क ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. चार घरांसाठी हा उपद्व्याप कोण करणार?

डीडी फ्री डिशचं सगळ्यात सोपं. मासिक शुल्क नाही, बॉक्स बाजारातून विकत आणायचा. वाडीत किंवा चाळीत सामायिक छत्री लावायची असेल तर माझं मत याच्याच बाजूने.

कागदपत्रं

कंपनीकडे प्रत्येक ग्राहकाचा अर्ज, ओळखपत्र, पत्त्यासाठी लाइट बिल आणि चालू मोबाइल नंबर. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या. छत्री आणि बॉक्स तुमच्या मालकीचे की भाड्याचे, हे त्यावर पाहा. छत्री कंपनीची असेल तर ती हलवण्याआधी किंवा तिला दुसरं घर जोडण्याआधी कंपनीची लेखी संमती घ्यावी. भाडेकरू असाल तर लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि घरमालकाचं पत्र जोडा. पागडीच्या चाळीत सोसायटीच्या जागी मालकाची परवानगी लागते.

सोसायटीकडे सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. मजकूर साधारण असा :

*मा. सचिव, … सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.*
*विषय : गच्चीवर सामायिक डीटीएच छत्री बसवण्यास परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, आम्ही खाली सही करणारे सदनिकाधारक स्वखर्चाने एक छत्री बसवू इच्छितो. स्लॅबला भोक न पाडता वजनाच्या स्टँडवर ती उभी करू. वायरी विजेच्या डक्टबाहेरून, क्लिप मारून नेऊ. वॉटरप्रूफिंगच्या वेळी स्वखर्चाने हलवू. देखभालीची जबाबदारी आम्हा सर्वांची राहील. नकाशा सोबत जोडला आहे.*

भोक न पाडण्याचं वाक्य विसरू नका. कमिटीची पहिली हरकत गळतीचीच असते आणि ती रास्त आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि परवानगी कमिटीच्या ठरावाने लेखी मिळवा. सचिवांनी जिन्यात "लावा हो" म्हटलं, ते पुढच्या कमिटीला बंधनकारक नसतं.

जोडणी

बॉक्स वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावरून कोणते चॅनेल उचलायचे ते ठरतं. साध्या स्प्लिटरवर दोन घरं जोडली की दोन बॉक्स परस्परविरोधी हुकूम सोडतात. एकाकडे बातम्या लागल्या की दुसऱ्याकडचे निम्मे चॅनेल गायब. त्यामुळे प्रत्येक घराला एलएनबीचं स्वतंत्र तोंड, म्हणजे वायर जोडायची वेगळी जागा हवी. दोन घरांना ट्विन, चारांना क्वाड, आठांना ऑक्टो. त्यापुढे मल्टीस्विच, म्हणजे एका छत्रीचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा डबा लागतो. त्याला बहुधा वीजही लागते, म्हणून ती कोणाच्या मीटरवरून घ्यायची ते अर्जातच लिहा.

धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. एकाच इमारतीत शेजारच्या फ्लॅटना वेगवेगळ्या फेजवरून वीज असू शकते. सामायिक छत्रीमुळे त्या घरांतल्या छत्रीच्या वायरींच्या आतली धातूची जाळी एलएनबीपाशी एकमेकींना जोडली जाते. एका घरातल्या टीव्हीत किंवा अडॅप्टरमध्ये बिघाड झाला तर करंट जाळीतून दुसऱ्या घरात पोचतो. बॉक्समागचा कनेक्टर फिरवताना बोटांना झिणझिण्या येतात ना, ती याच गळतीची सौम्य खूण. तेव्हा स्टँड आणि सगळ्या वायरींची जाळी गच्चीवरच अर्थिंग ब्लॉकने एकत्र बांधून इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडा. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, डिशवाल्याचं नाही. प्रत्येक घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. झिणझिण्या वाढल्या तर आधी सगळ्या घरांतले प्लग काढा आणि मग वायरीला हात लावा.

स्वतंत्र घरं असतील तर वायर गल्लीवरून नेताना महावितरणच्या तारांपासून लांब ठेवा. महावितरणच्या खांबाला बांधू तर नकाच. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्सची वायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

अडलं तर

तक्रार आधी कंपनीच्या ग्राहक केंद्रात, तक्रार क्रमांकासह. तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्याच नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) सोडवत नाही, त्यामुळे पुढचा रस्ता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोगाचा. सोसायटी अर्जाला उत्तरच देत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी जा, पोच घेतलेली प्रत जोडून.

आपसातही एक साधा करार लिहून ठेवा. दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, आणि कोणी घर विकलं तर त्याचं तोंड नव्या मालकाला मिळणार की त्याची वायर काढली जाणार. छत्रीचं बिल ज्याच्या नावावर, तोच उद्या ती काढून घेऊन गेला तर हा कागदच कामाला येईल.