वरची चीर की आतला तडा? लोटस एलिसच्या फायबरचं दुखणं ओळखताना

माझ्या एलिसच्या, म्हणजे फायबरच्या बॉडीच्या लोटस स्पोर्ट्स कारच्या, मागच्या चाकावरच्या कमानीला रुपयाएवढ्या जागेत बारीक रेषांची चांदणी उमटली होती. रंगकाम करणारा म्हणाला, वरवरची आहे. त्याने लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात तीच चांदणी त्याच जागी परत आली आणि तिची एक रेष आता बोटभर लांब झाली होती. मुळात ती वरची चीर नव्हतीच. तो आतला तडा होता, आणि लांबीने तो फक्त झाकला गेला होता.

हा गोंधळ का होतो, ते पॅनेल कशाचं बनलंय हे पाहिलं की कळतं. १९९६ ची एलिस जेमतेम सव्वासातशे किलोची. खाली अॅल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेली ६८ किलोची चासी आणि तिच्यावर फायबरची बॉडी. या फायबरमध्ये ताकद असते ती रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट रसायनात) भिजून घट्ट झालेल्या काचेच्या धाग्यांची. त्यावर जेलकोट (रेझिनचाच गुळगुळीत वरचा थर) किंवा प्रायमर आणि रंग. धाग्यांचा थर थोडा वाकतो आणि परत जागेवर येतो. वरचा थर कडक, त्याला वाकणं जमत नाही, म्हणून आधी तो तडकतो. मार जास्त असेल तर आतलं रेझिन फुटतं, धागे तुटतात. वरून मात्र दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

रेषांचा आकार थोडं सांगतो. चांदणी असेल तर मार बहुधा मागून बसलेला असतो, चाकाने उडवलेला खडा आतून आपटला की अशी उमटते. गोल कडी दिसली तर मार समोरून. बोल्टजवळ एकाशेजारी एक समांतर रेषा असतील तर तिथे पॅनेल ताणलं जातंय. पण मार कुठून आला एवढंच यातून कळतं, किती खोल गेला ते नाही.

त्यासाठी नाण्याने हलकेच वाजवून बघा. बाजारात मडकं घेताना आपण वाजवतो, तसंच. शाबूत जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. मग चाक काढून, टॉर्च घेऊन पॅनेलची मागची बाजू बघा. मार बसलेलं रेझिन पांढुरकं पडतं. अंगठ्याने दाबल्यावर रेषेच्या दोन्ही कडा वरखाली हलल्या तर शंकाच उरत नाही. आणि तरीही मन मानत नसेल तर थोडा रंग घासून काढा. रंगाबरोबर रेष गेली तर ती वरची, खाली धाग्यांत दिसत राहिली तर आतली.

वरच्या चिरेचं काम सोपं. तडकलेला थर शाबूत थर लागेपर्यंत घासून काढायचा, मग नवा थर आणि रंग. नुसती रेष बुजवली तर ती परत दिसणारच.

आतल्या तड्याला मात्र नवे धागे घालावे लागतात आणि इथेच लोक हात आखडता घेतात. तड्याच्या दोन्ही बाजूंनी लांब उतार घासायचा आणि त्यावर नवे थर द्यायचे. जाडीच्या बारापट हे चांगलं माप आहे, म्हणजे ३ मिलिमीटरच्या पॅनेलला एका बाजूने ३६ मिलिमीटर. एवढ्याशा रेषेसाठी एवढं घासायचं म्हणजे जिवावर येतं, पण जुन्या-नव्याची सगळी पकड त्या उतारावरच असते. मागची बाजूही घासून अॅसिटोनने पुसायची आणि तिथूनही थर द्यायचे. धूळ फार वाईट, मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

रेझिन कुठलं घ्यायचं? कोकणातल्या फायबरच्या होडीला लागतं ते पॉलिएस्टर इथेही चालतं, पण जुन्या घट्ट झालेल्या फायबरवर एपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची पकड जास्त चांगली. एपॉक्सी घेतलंत तर विणलेलं कापड वापरा. साध्या मॅटचे (सुटे धागे चिकटवून केलेल्या चादरीचे) धागे ज्या चिकट पदार्थाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते आणि वळणावर नीट बसत नाही. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसतं आणि ते आकसणं बराच काळ चालू राहतं. रंगाची घाई केली तर काही महिन्यांनी उन्हात धाग्यांची नक्षी रंगावर उमटते. लांबी लावायची ती अगदी शेवटी, पृष्ठभाग सारखा करण्यापुरती.

तडा कुठे आहे हेही बघायला हवं. १९५७ च्या लोटस एलिटला वेगळी चासी नव्हतीच, फायबर हाच गाडीचा सांगाडा होता. तिथला आतला तडा म्हणजे हाड मोडणं. एलिसचं पॅनेल तसा भार पेलत नाही, पण पुढच्या क्लॅमच्या (नाकावरच्या मोठ्या फायबर पॅनेलच्या) मागे टकरीचा मार झेलणारा फायबरचाच खोका असतो. नाकाला मार बसला असेल तर क्लॅम उतरवून आधी तो तपासा. अॅल्युमिनियमची चासीच वाकली असेल तर ती ठोकून सरळ करत नाहीत, बदलतात.

माझ्या कमानीचा तडा मी पुन्हा उघडला, लांबी पूर्ण खरवडली आणि आतून विणलेल्या कापडाचे तीन थर दिले. शेवटचा थर तड्याच्या पुढे चांगला वीतभर नेला, कारण चाकाचे खडे तिथेच येऊन आदळतात.