आधी मतदार शोधा, मग मत विचारा

१ फेब्रुवारी २०२०च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली सर्वांत मानाची मतचाचणी जाहीर व्हायची होती. 'डे मॉइन रजिस्टर' हे तिथलं वर्तमानपत्र आणि सीएनएन वाहिनी यांनी ती मिळून केली होती. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पहिली लढत दोन दिवसांवर आली होती. ऐन वेळी चाचणी मागे घेण्यात आली. फोन आलेल्या एका मतदाराची तक्रार होती की वाचून दाखवलेल्या उमेदवारांच्या यादीत पीट बुटिजेज यांचं नावच नव्हतं. कॉल सेंटरमधल्या कुणीतरी पडद्यावरची अक्षरं मोठी केली आणि यादीतलं तळाचं नाव पडद्याबाहेर गेलं, असा खुलासा नंतर पुढे आला. नावांचा क्रम दर फोनला बदलत होता. त्यामुळे कुठल्या फोनला कुणाचं नाव गळालं असेल, याचा पत्ता लागणं कठीण.

क्रम मुद्दाम बदलतात. फोनवर यादी ऐकताना शेवटची नावं जास्त लक्षात राहतात, छापील यादीत वरच्या नावांना झुकतं माप मिळतं. क्रम फिरता ठेवला की हा फायदा सगळ्यांत वाटला जातो. पक्षांतर्गत निवडणुकीत ही काळजी फारच महत्त्वाची, कारण तिथे मतदाराचं मत मुळातच सैल असतं.

आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते प्रायमरी (मतपत्रिकेवरची पक्षांतर्गत निवडणूक) किंवा कॉकसमध्ये (केंद्राकेंद्रावर भरणारी पक्षाची सभा) सामान्य मतदार ठरवतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत बहुतेक माणसं पक्ष बघून मत देतात, त्यामुळे चाचणीवाल्याचं निम्मं काम झालेलं असतं. प्रायमरीत सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. सातआठ नावं, धोरणं जवळपास सारखी. आज एक आवडतो, परवाच्या वादचर्चेनंतर दुसरा. पण मन बदलणं ही या चाचण्यांची मोठी अडचण नाहीच. मोठी अडचण ही की मतदानाला येणार कोण, तेच कुणाला ठाऊक नसतं.

२०१६ साली दोन्ही पक्षांच्या प्रायमरी धरूनही मतदानाला पात्र असलेल्यांपैकी तीन दशांशाहून कमी लोकांनी मत दिलं. कॉकसला तर त्याहून कमी लोक येतात. त्यात प्रत्येक राज्याचा नियम वेगळा: कुठे फक्त पक्षाकडे नोंदलेले मतदार, कुठे कुणीही यावं. न्यू हॅम्पशरमध्ये कुठल्याच पक्षाकडे न नोंदलेला मतदार त्या दिवशी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. थोडक्यात, आपण ज्या समूहाचं मत मोजतोय तो समूह मोजणीच्या दिवशी अस्तित्वातच नसतो.

मग नमुना काढायचा कसा? अमेरिकेत मतदारयाद्या मिळतात आणि कुणी कुठल्या निवडणुकीत मत दिलं एवढं त्यांत नोंदलेलं असतं (कुणाला दिलं ते अर्थातच नाही). यादीतून सोडत काढून नावं घ्यायची, त्यांना फोन करायचा आणि चाळणीचे प्रश्न विचारायचे: येणार का, नक्की की बहुधा, मागच्या वेळी गेला होता का, केंद्र कुठे आहे ठाऊक आहे का. चाळणीची जाळी किती बारीक ठेवायची, यावर निकाल फिरतो. मागच्या दोन्ही प्रायमरींत मत देणाऱ्यांनाच घेतलं, तर नमुन्यात म्हातारी, पक्षनिष्ठ माणसं भरतात. 'येईन' म्हणणाऱ्या प्रत्येकाला घेतलं तर गर्दी होते, कारण 'येईन' म्हणायला काही लागत नाही. फेब्रुवारीच्या थंडीत संध्याकाळी सात वाजता शाळेच्या हॉलमध्ये जायला बरंच काही लागतं.

आता खर्चाचा हिशेब बघा. प्यू या संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्वेक्षणांना १९९७ साली शंभरातले ३६ जण उत्तर देत. २०१८ साली ६. समजा त्या सहांपैकी चौथा हिस्सा कॉकसला जाणारा. म्हणजे शंभर नंबरांमागे दीड मुलाखत, आणि ५०० मुलाखतींसाठी ३३ हजारांवर नंबर. म्हणून लोक आडवाटा शोधतात. यंत्राने फोन लावणारी स्वस्त चाचणी हा त्यातला एक मार्ग. पण मालकाच्या संमतीशिवाय यंत्राने मोबाइलवर फोन लावायला तिथल्या कायद्याची मनाई आहे. उरतात घरातले फोन, आणि ते उचलणारे आजीआजोबा.

याची किंमत मिशिगनमध्ये मोजावी लागली. ८ मार्च २०१६च्या प्रायमरीआधी चाचण्यांची सरासरी हिलरी क्लिंटन यांना सुमारे २१ टक्क्यांची आघाडी देत होती. 'फाइव्हथर्टीएट' या संकेतस्थळाने त्यांच्या विजयाची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त धरली होती. बर्नी सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. तरुण अंदाजापेक्षा जास्त आले, हे एक कारण. दुसरं जास्त बोलकं आहे: २००८ साली मिशिगनने पक्षाचं वेळापत्रक मोडलं होतं, म्हणून बराक ओबामांनी तिथल्या मतपत्रिकेवरून नाव काढून घेतलं होतं. आठ वर्षांनी 'मागच्या वेळी कोण आलं होतं' हे पाहायला गेलं, तर मागची वेळच धड झालेली नव्हती.

वयाचा अंदाज चुकला तर किती फरक पडतो, ते कागदावर करून बघता येतं. धरून चला, तिशीच्या आतले ८० टक्के आणि बाकीचे ४० टक्के 'अ' उमेदवाराच्या बाजूचे आहेत. मतदारांत तरुण १० टक्के धरले तर 'अ'ला ४४ टक्के, म्हणजे तो १२ ने मागे. तरुण २० टक्के निघाले तर 'अ'ला ४८, म्हणजे ४ ने मागे. एकाही माणसाने मत बदललं नाही, तरी अंतर आठ टक्क्यांनी हललं. शिवाय हा फरक चाचणीखाली छापलेल्या 'अधिक-उणे ४ टक्के' या त्रुटीत धरलेलाच नसतो.

ती त्रुटी म्हणजे फक्त सोडतीतली नशिबाची गोष्ट. ५०० जणांत एकाला २५ आणि दुसऱ्याला २२ टक्के मिळाले, तर प्रत्येक आकडा ३.७ टक्के इकडेतिकडे असू शकतो; पण दोघांमधल्या अंतराची त्रुटी ६ टक्के होते. तीन टक्क्यांची 'आघाडी' त्यात सहज बुडते. त्यावर भारांकन येतं. नमुन्यात तरुण कमी सापडले, म्हणून सापडलेल्या प्रत्येक तरुणाचं मत दोनदा किंवा अडीचदा मोजायचं. हे करावंच लागतं, पण त्यामुळे ५०० मुलाखतींचं बळ ३३० मुलाखतींएवढं उरू शकतं, आणि अंतराची त्रुटी सव्वासातच्या पुढे जाते. बातम्यांत हे जवळजवळ कधीच सांगत नाहीत. '५०० जणांपैकी तिशीच्या आतले' असा उपगट काढून त्यावर मथळा देणं तर सरळ चूक. तिथे हातात चाळीसपन्नास माणसं असतात.

सप्टेंबर २०१६मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फ्लोरिडातल्या ८६७ मुलाखतींची कच्ची माहिती चार नामांकित चाचणीकारांना दिली. निवडणूक मुख्य होती, प्रायमरी नव्हे. तरीही उत्तरं क्लिंटन ४ ने पुढे इथपासून ट्रम्प १ ने पुढे इथपर्यंत आली. माणसं तीच, उत्तरं तीच. फरक फक्त चाळणीचा आणि भारांकनाचा.

उलट बाजूचं उदाहरण चाचणीकार ॲन सेल्झर यांचं. २००७च्या वर्षअखेरीस त्यांच्या आयोवातल्या चाचणीत ओबामा ३२, क्लिंटन २५ आणि जॉन एडवर्ड्स २४ टक्के असे आकडे आले. पहिल्यांदाच कॉकसला येणारे ६० टक्के असतील, असंही त्यात दिसत होतं. प्रतिस्पर्धी प्रचारयंत्रणांनी त्याची टर उडवली. सेल्झर यांची रीत साधी होती: नोंदणीकृत मतदारांच्या यादीतून सोडत काढायची, 'नक्की' किंवा 'बहुधा येणार' म्हणणाऱ्यांनाच ठेवायचं, वय, लिंग, प्रदेश यांचं प्रमाण मूळ यादीशी जुळवायचं, आणि मागच्या वेळचं मतदान कसं होतं याच्याशी काही जुळवायचंच नाही. ३ जानेवारी २००८ला २००४च्या जवळपास दुप्पट लोक आले आणि ओबामा सुमारे ३८ टक्क्यांवर जिंकले. मागच्या मतदानाशी न जुळवता केलेली त्याच बाईंची चाचणी नोव्हेंबर २०२४मध्ये कमला हॅरिस यांना आयोवात ३ ने पुढे दाखवत होती आणि ट्रम्प १३ ने जिंकले. भूतकाळाचा आधार न घेणाऱ्याला नव्या लाटेचा सुगावा लागतो. पण नमुना एका बाजूला कलला तर त्याला सावरायलाही कुणी नसतं.

आयोवात ओबामा जिंकले त्यानंतर पाचच दिवसांनी, ८ जानेवारी २००८ला, न्यू हॅम्पशरची प्रायमरी होती. चाचण्यांची सरासरी ओबामांना ८ ने पुढे ठेवत होती. क्लिंटन ३९ विरुद्ध ३७ अशा जिंकल्या. अमेरिकन जनमत-संशोधकांच्या संघटनेने चौकशी समिती नेमली आणि २००९ साली अहवाल दिला. ओबामांचा आकडा चाचण्यांनी जवळपास बरोबर पकडला होता. हुकला तो क्लिंटन यांचा. याचं एकच कारण समितीला सापडलं नाही, अनेक लहान कारणं सापडली. पाच दिवसांत चाचणी उरकायची, म्हणून पहिल्या फोनला न सापडलेल्यांना पुन्हा पुन्हा फोन करायला वेळ नव्हता, आणि अशा सहज न सापडणाऱ्यांत क्लिंटन यांचे पाठीराखे जास्त होते. काहींनी शेवटच्या क्षणी ठरवलं. शिवाय मतपत्रिकेवरच्या नावांचा क्रम राज्यभर एकच होता, क्लिंटन वर आणि ओबामा खाली. चाचणीत क्रम फिरता ठेवून समतोल साधला, पण खुद्द मतपत्रिका फिरती नव्हती!

आयोवातल्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये आणखी एक पेच होता. तिथे लोक मत टाकत नसत, उभे राहत. २०२०च्या आयोवाची रीत पाहू. आलेल्यांची मोजणी होते. मग प्रत्येकजण आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जातो. चार किंवा जास्त प्रतिनिधी (पक्षाच्या पुढच्या अधिवेशनात जाणारे) निवडणाऱ्या केंद्रावर १५ टक्क्यांची पात्रता लागते (तीन प्रतिनिधी असतील तर सहावा हिस्सा, दोन असतील तर चौथा). पात्र गट जागेवर पक्के होतात. अपात्र गटांतल्यांना दुसरीकडे जायची किंवा एकत्र येऊन पात्र व्हायची एक संधी मिळते. पहिली आणि दुसरी पसंती कार्डाच्या दोन बाजूंवर सहीनिशी लिहितात.

समजा १२० माणसं आणि ५ प्रतिनिधी. पात्रता १८. पहिल्या फेरीत अ ४१, ब ३४, क १९, ड १५, इ ११. ड आणि इ अपात्र. इच्या गटातले तिघे डकडे गेले, पाच बकडे आणि तिघे अकडे. आता अ ४४, ब ३९, क १९, ड १८. गटाच्या संख्येला पाचाने गुणून १२० ने भागायचं: अ १.८३, ब १.६३, क ०.७९, ड ०.७५. पूर्णांक केले तर २, २, १, १ म्हणजे सहा प्रतिनिधी, एक जास्त. मग ज्याचा अपूर्णांक सर्वांत लहान त्याचा एक काढतात, म्हणजे बचा. ३९ माणसांना एक प्रतिनिधी आणि १८ माणसांनाही एकच. दोन गटांचा हिशेब तंतोतंत बरोबरीत अडला तर नाणं उडवतात.

'तुमची पहिली पसंती कोण?' एवढंच विचारणारी चाचणी इथे अर्धीच ठरते. दुसरी पसंती विचारावी लागते, आणि ती केंद्रनिहाय पसरवून पाहावी लागते, कारण राज्यभर १५ टक्के असलेला उमेदवार शहरातल्या केंद्रांवर पात्र आणि खेड्यांतल्या केंद्रांवर बाद असू शकतो.

३ फेब्रुवारी २०२०च्या कॉकसच्या रात्री नेमकं हेच गणित उघड्यावर आलं. पक्षाने प्रथमच तीन आकडे जाहीर करायचं ठरवलं होतं: पहिली फेरी, शेवटची फेरी आणि राज्य-प्रतिनिधींचं (पक्षाच्या राज्य अधिवेशनात पाठवायच्या प्रतिनिधींचं) प्रमाण. आकडे पाठवायच्या ॲपमधून अर्धवट माहिती जात होती, अनेक केंद्रप्रमुखांना ते ॲप उघडताच आलं नव्हतं, आणि पर्यायी फोनलाइन तुंबली. निकाल दिवसेंदिवस लांबला. अखेर पहिल्या फेरीत सँडर्स २४.७, बुटिजेज २१.३, शेवटच्या फेरीत सँडर्स २६.५, बुटिजेज २५.१, आणि राज्य-प्रतिनिधींत बुटिजेज २६.२, सँडर्स २६.१. राष्ट्रीय अधिवेशनासाठी बुटिजेजना १४ आणि सँडर्सना १२ प्रतिनिधी मिळाले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विजेता घोषितच केला नाही. ॲप कोसळूनही मोजणी पुन्हा तपासता आली, ती त्या सहीच्या कार्डांमुळे.

महाराष्ट्राने हा प्रकार एकदा ओझरता पाहिलाय. २०१४च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यात वर्धा आणि लातूर होते. पण तिथे मतदार म्हणजे पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते यांची ठरलेली यादी. चाचणीकाराच्या दृष्टीने ते स्वर्गच: समूह आधीच ठाऊक, चाळणी नको, भारांकन नको. फक्त ज्याचा कौल मिळाला तो समूह आणि पुढे मत देणारी जनता यांचा ताळा नव्हता. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या. ती लाट मोठी होती हे खरं, त्यामुळे दोष सगळा प्रायमरीच्या माथी मारता येत नाही.

प्रायमरीची चाचणी वाचताना टक्क्यांआधी तळटीप वाचावी. नावं कुठल्या यादीतून काढली, किती जणांना फोन करून किती उरले, 'येणार' कुणाला मानलं, मोबाइल होते का, किती दिवस आणि कितीदा फोन केला, 'ठरवलं नाही' म्हणणाऱ्यांचं काय केलं. शेवटचा प्रश्न विशेष. 'कल कुणाकडे आहे?' असं पुन्हा विचारून त्यांना वाटून टाकलं असेल, तर आकडे भरीव दिसतात. तसेच ठेवले असतील, तर २० टक्के 'अनिश्चित' हाच त्या दिवशी सर्वांत मोठा उमेदवार असू शकतो.

आयोवाच्या डेमोक्रॅट मंडळींनी २०२४ साली पसंतीची कार्डं टपालाने घेतली आणि ५ मार्चला निकाल सांगितला. हॉलमधले कोपरे त्या वर्षी ओस होते. दुसरी पसंती २०२० सालीच वेगळ्या रूपात दिसली होती. अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंग इथे पक्षाने कागदावरच पसंतिक्रम लिहून घेतला. १५ टक्क्यांखालचा उमेदवार बाद झाला की ते मत आपोआप पुढच्या नावाकडे जाई, आणि त्यासाठी कुणाला हॉलभर फिरावं लागत नव्हतं.