टर्बो बटण, ५० फ्रेम आणि शेवटचा ड्रॅगन: सातारा-सांगलीतल्या बॉस-डावपेचांची पार्श्वभूमी

कॉन्ट्रा या जुन्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या स्टेजच्या शेवटी बॉस म्हणून जी भिंत येते, ती कशी फोडायची यावर जुन्या खेळाडूंचं अजून एकमत नाही. एक गट म्हणतो, आधी दोन्ही तोफा उडवा. दुसरा म्हणतो, तोफांकडे बघूही नका, थेट खालच्या लाल गोळ्यावर मारा. नियमानं दुसरा गट बरोबर आहे. गोळा फुटला की भिंत पडते, तोफा शाबूत असल्या तरी. पण पहिल्या गटाचा सल्लाही हवेतून आलेला नाही. साधी बंदूक घेऊन लांब उभं राहिलं तर तोफेचे गोळे कमान घेऊन नेमके अंगावर येतात, आणि मग तोफा आधी संपवणं परवडतं. वाद खरं तर तोफांचा नाही, हातात कोणती बंदूक होती आणि खेळाडू कुठं उभा होता याचा आहे.

या भागातल्या बहुतेक डावपेचांचं असंच आहे. परदेशी गाइडमध्ये लिहिलेलं आणि साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या मारुती रोडला तोंडी फिरलेलं जुळत नाही. याचं कारण खेळाडू नाहीत. मशीन वेगळं होतं, रिमोट (हातात धरायचा कंट्रोलर) वेगळा होता, टीव्हीचा वेग वेगळा होता आणि खोक्यात माहितीपुस्तक नव्हतं.

आधी बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटी वाट अडवणारा मोठा शत्रू, हा प्रकार कुठून आला ते बघू. उड्या मारत वर चढायच्या गेमची सुरुवात बहुतेक जण १९८१च्या डाँकी काँगपासून धरतात. निन्टेंडोचा हा आर्केड गेम शिगेरू मियामोतो यांनी रचला. त्यात चार पडदे होते: २५, ५०, ७५ आणि १०० मीटर. शेवटच्या पडद्यावर गोरिलाला मारायचं नसतंच. मजल्यांमधले आठ रिव्हेट (जोडखिळे) एकेक करून काढायचे, मग सगळा सांगाडा कोसळतो आणि गोरिला डोक्यावर पडतो. म्हणजे बॉसला हरवायचं ते जागेचा वापर करून.

चार वर्षांनी आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्सनं (जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५) हीच कल्पना पुढं नेली. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार स्टेज, आणि प्रत्येक चौथ्या स्टेजच्या शेवटी पुलावर बाउझर, आपल्याकडचा ड्रॅगन. त्याच्या मागं कुऱ्हाड ठेवलेली असते. कुऱ्हाडीला हात लागला की पूल तुटतो. रिव्हेट गेले, कुऱ्हाड आली, इतकाच फरक. लहान मारिओनंही गेम पूर्ण करता येतो तो यामुळेच: एकही गोळी न झाडता आठही ड्रॅगन पडतात.

गोळ्या असतील तर हिशोब सोपा आहे. फुलवाला, म्हणजे फूल घेऊन आगीच्या गोळ्या मिळवलेला, मारिओ पाच गोळ्यांत बाउझरला पाडतो. पहिल्या सात वर्ल्डमधले ड्रॅगन नकली असतात, गोळ्यांनी मेले की खरं रूप दिसतं. पहिल्यात गूम्बा (गेममधला सगळ्यात साधा शत्रू) निघतो, सातव्यात हातोडे फेकणारा कासव. ज्यांनी कायम कुऱ्हाडच वापरली त्यांना हे वर्षानुवर्षं माहीत नव्हतं, कारण पूल तुटून पडणारा ड्रॅगन रूप बदलत नाही. पहिल्या पाच वर्ल्डमध्ये तो फक्त आग ओकतो, सहाव्या-सातव्यात फक्त हातोडे फेकतो आणि आठव्यात दोन्ही एकदम.

आता यातली तांत्रिक गोष्ट, जी पुढं प्रत्येक गेममध्ये भेटते. पडद्यावर मारिओच्या एका वेळी दोनच गोळ्या राहू शकतात. पहिली फुटल्याशिवाय किंवा पडद्याबाहेर गेल्याशिवाय तिसरी सुटत नाही, बटण कितीही बडवा. म्हणून लांबून मारणारा वेळ घालवतो. जवळ गेलं की गोळी लगेच लागते, जागा रिकामी होते, पुढची सुटते. मेगा मॅन या गेममध्ये साध्या बंदुकीला ही मर्यादा तीन गोळ्यांची आहे. कॉन्ट्रातही मर्यादा आहेच, आणि एस बंदूक एका दाबात पाच गोळ्या पसरवते, त्यामुळे ती फार लवकर भरते. "बॉसच्या पोटात शिरून मार" हा सल्ला शूरपणाचा वाटतो, पण आहे तो शुद्ध मोजणीचा. निन्टेंडोच्या मशीनच्या प्रोसेसरजवळ कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट होती, आणि पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत आठपेक्षा जास्त स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे छोटे तुकडे) दिसत नसत. गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात ते या आठच्या मर्यादेमुळं. बॉसची गोळी दिसली नाही आणि जान गेली, तर दोष नेहमी डोळ्यांचा नसतो.

निन्टेंडोचं मूळ यंत्र, फॅमिकॉम, जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. सातारा-सांगलीत जे घरोघरी पोचलं ते त्याचं क्लोन, म्हणजे नक्कल. नव्वदच्या दशकात आणि पुढं काही वर्षं हे सेट मुंबईच्या बाजारातून खाली येत आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून, जत्रेतल्या स्टॉलांतून विकले जात. ज्यांच्याकडं सेट नव्हता ते तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळत. ६० पिनांची कॅसेट, आत सर्किटवर काळ्या लाखेसारखा ठिपका, आणि मागून अँटेनाची वायर. टीव्हीवर चॅनल जुळवायला अर्धा तास गेला तरी कुणाला वावगं वाटत नसे.

या क्लोनांचा सगळ्यात मोठा फरक डोळ्यांना दिसत नव्हता. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत, भारतातले पाल पद्धतीचे ५० वेळा. हे गेम चित्रागणिक एक पाऊल पुढं सरकतात. त्यामुळं ६०साठी लिहिलेला गेम ५०वर चालला की सगळंच एक षष्ठांशानं हळू होतं: मारिओची धाव, ड्रॅगनची आग, वरचं ४००चं घड्याळ, गाण्याचा ठेका. एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंदांऐवजी २० मिलिसेकंदांची होते. बॉसनं हात उचलल्यापासून गोळी सुटेपर्यंत ३० फ्रेम असतील, तर तिकडच्या पोराला अर्धा सेकंद मिळतो आणि इकडच्याला ०.६ सेकंद. ऐकायला किरकोळ, पण कॉन्ट्राच्या सहाव्या स्टेजचा तो उड्या मारणारा धिप्पाड सैनिक याच दशांशावर सुटतो. तो उडी मारतो तेव्हा त्याच्या खालून पलीकडं निघायचं असतं. ५०वर शिकलेल्या हाताला यात मोकळीक वाटते, ६०वर तोच हात उशिरा निघतो.

दुसरा फरक रिमोटचा. क्लोनच्या रिमोटवर टर्बोची दोन जादा बटणं असत. दाबून ठेवलं की सेकंदाला अनेक दाब आपोआप जातात. कॉन्ट्रात एम (बटण धरलं की सलग सुटणारी बंदूक) सोडून बाकी बंदुकांना बोट दुखेपर्यंत मारावं लागतं, तिथं टर्बो वरदान. पण लेझरला तो मारक. कॉन्ट्रात लेझर हवेत असताना पुन्हा बटण दाबलं तर आधीची रेषा पुसली जाते आणि नवी सुरू होते. टर्बो धरला की रेषा नळीपाशीच थुईथुई करते, बॉसपर्यंत पोचतच नाही. एल, म्हणजे लेझर, ही बेकार बंदूक आहे, उचलूच नये, हे मत इथं पक्कं झालं त्यामागं हे टर्बोचं बटण आहे. साध्या बटणानं, एक रेषा लागली की दुसरी, असं मारलं तर लेझर बॉसवर चांगलाच बसतो. एफ बंदूक मात्र खरंच कामाची नाही. भिंगरीसारखी फिरत जाते आणि हलत्या निशाण्याला हुकते.

टर्बोमुळं कोडही मोडायचा. कॉन्ट्राचा ३० जानांचा कोड सर्वांना पाठ आहे: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघं खेळणार असतील तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६च्या ग्रॅडियससाठी ठेवला होता, कारण तपासणी करताना गेम त्यांनाच जड जात होता. घाईत टर्बो-बी दाबलं तर एका दाबात चार-पाच बी जातात आणि तीनच जाना घेऊन सुरुवात होते. रिमोटच्या रबराखालचा काळा कार्बनचा ठिपका झिजला असेल तर उलटं होतं, खाली दोनदा दाबूनही एकदाच लागतं. सुपर कॉन्ट्राचा कोड वेगळा आहे: उजवं, डावं, खाली, वर, ए, बी, स्टार्ट. त्यात दहा जाना मिळतात. दोन्ही कोडांची सरमिसळ करून "आमच्या कॅसेटवर चालत नाही" म्हणणारे अजून भेटतात.

कॅसेटचाही वाटा आहेच. मेन्यूवर ९९९९९९९ गेम लिहिलेले, आत मोजून काही. बाकीच्या ओळींत तेच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा जास्त जाना देऊन सुरू होत. अशा कॅसेटवर वाढलेल्याला कोडची गरजच पडली नाही. काही जणांनी शेवटच्या स्टेजचं धडधडतं हृदय आधी पाहिलं आणि तिसऱ्या स्टेजचा धबधबा नंतर.

त्या धबधब्यावर पार्लरमध्ये भांडणं व्हायची. तिसरी स्टेज वर सरकते, आणि पुढचा वर गेला की मागं राहिलेला पडद्याच्या तळाशी जाऊन मरतो. इथला रिवाज असा झाला की एस बंदूकवाला मागं राहणार आणि साध्या बंदुकीवाला त्याच्यासाठी थांबत वर चढणार. मेलं की बंदूक जाते, आणि एस गमावून वरच्या राक्षसासमोर उभं राहण्यापेक्षा थांबलेलं बरं. त्याचे दोन्ही हात आधी निकामी करायचे, मग तोंड उघडेल तेव्हा मारायचं. बंद तोंडावर झाडलेल्या गोळ्या वाया जातात.

मारिओच्या बाबतीत भारनियमनानं वेगळाच परिणाम केला. २००५च्या आसपास आणि पुढची काही वर्षं मुंबईबाहेर रोज तासन् तास वीज जात होती. या कॅसेटवर गेम सेव्ह होत नाही. वीज जायच्या आत संपवायचं तर वॉर्प, म्हणजे मधले वर्ल्ड गाळणारी चोरवाट, घ्यायचं: १-२ मध्ये (पहिल्या वर्ल्डची दुसरी स्टेज) छतावरून चालत जाऊन चौथ्या वर्ल्डचा पाइप, ४-२ मध्ये लपलेली वेल चढून आठव्याचा. असं खेळलं की ३२पैकी आठच स्टेज लागतात. गंमत अशी की यात पहिले सातही ड्रॅगन गळतात. खेळाडू एकदम ८-४च्या पुलावर, समोर आग आणि हातोडे एकत्र, आणि सराव शून्य. या भागात ८-४चा इतका धसका का आहे, याचं हे साधं कारण.

त्यावर उपाय आहे. मोठा मारिओ घेऊन पुलापर्यंत या. हातोड्यांमध्ये फट शोधत बसू नका. ड्रॅगनचा मार मुद्दाम एकदा लागू द्या. मारिओ लहान होऊन लुकलुकतो, तेवढ्या वेळात त्याच्या अंगातून धावत कुऱ्हाड गाठा. लहान मारिओ असेल तर ड्रॅगन उंच उडी घेईपर्यंत थांबायचं आणि खालून निघायचं. अर्धवट उडीत घुसलं की डोकं आपटतं. जाना संपल्या तर पहिल्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या स्टेजपासून गेम सुरू होतो. सुट्या कॅसेटवर रिसेटनंतरही हे चालतं. वीज गेली तर नाही. मेन्यूवाल्या कॅसेटवर रिसेटनं आधी मेन्यूच येतो, तिथं भरवसा नको. आणि ३-१च्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून जाना साठवणाऱ्यांसाठी: १२७च्या वर गेलात तर मोजणी उलटते आणि पुढच्याच मरणाला गेम ओव्हर.

मेगा मॅन इकडं कॅसेटवर फार दिसला नाही. बहुतेकांना तो नंतर कॉम्प्युटरवर, एम्युलेटरमधून (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) भेटला. म्हणून त्याच्यावरची इथली चर्चा जास्त पुस्तकी आहे. १९८७च्या पहिल्या भागात सहा रोबोट, प्रत्येकाची जीवनपट्टी २८ घरांची, आणि एकाचं शस्त्र दुसऱ्याचा कर्दनकाळ: बॉम्ब मॅनचा बॉम्ब गट्स मॅनला, गट्स मॅनचं बळ कट मॅनला, कट मॅनची कात्री इलेक मॅनला, इलेक मॅनची वीज आइस मॅनला, आइस मॅनचा बर्फ फायर मॅनला, फायर मॅनची आग पुन्हा बॉम्ब मॅनला. बॉम्ब मॅन साध्या बंदुकीनंही आवाक्यात येतो, त्यामुळं तिथून सुरुवात केली की साखळी आपोआप लागते.

आज फोनवर किंवा लॅपटॉपवर हेच गेम उघडणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, गेम फास्ट केलाय. केलेला नाही, एम्युलेटर ६० फ्रेमवर चालतोय, जो मूळ वेग आहे. जुना हात हवा असेल तर एफसीईयूएक्स किंवा मेसेन या एम्युलेटरमध्ये रीजनच्या जागी डेंडी निवडा. ही सेटिंग रशियात गाजलेल्या क्लोनच्या नावाची आहे आणि ५० फ्रेमच्या क्लोनांसाठीच बनवलेली आहे. निव्वळ पाल निवडलं तर वेग तोच येतो, पण प्रोसेसरचा मेळ युरोपातल्या मूळ यंत्राचा बसतो आणि काही गेममध्ये चित्र फाटतं. सपाट टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण आणि उडी यांत अंतर पडतं आणि त्याचं खापर सेटिंगवर फुटतं.

जुना सेटच चालवायचा असेल तर कॅसेटमध्ये फुंकर मारणं बंद करा. काढून पुन्हा बसवल्यानं पिना जुळतात, फुंकरीनं नाही. तोंडाची वाफ तांब्याला गंज चढवते. पेन्सिलचं खोडरबर संपर्कपट्ट्यांवर हलक्या हातानं फिरवायचं, मग कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. सांगलीत पुराच्या पाण्यात भिजलेल्या कॅसेटला आधी उघडून साध्या स्वच्छ पाण्यानं गाळ काढावा लागतो, अल्कोहोल त्यानंतर. काळ्या ठिपक्याला तडा गेला असेल तर ती कॅसेट दुरुस्त होत नाही.